मवाळ हवेचा जाच

पोर्तुगालमधल्या पोर्तोला एका जुन्या घरात खोली भाड्याने घेऊन राहिले होते, ऐन जानेवारीत. सकाळी अंथरुणातून पाय बाहेर टाकला की फरशी झोंबायची. चादर कोरडीच असायची, पण हाताला दमट लागायची. रात्री आत शिरताना अंग आक्रसायचं आणि आपल्याच उबेने तेवढी जागा तापेपर्यंत कूस बदलायची हिंमत व्हायची नाही. लिहायला बसलं की तासाभरात बोटं आखडायची. घर ग्रॅनाइटचं, रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबच लांब. मधल्या जिन्यावर छताला काचेचा झरोका, त्यातून उतरेल तेवढाच उजेड. एके दिवशी अकराच्या सुमाराला वैतागून बाहेर आले तर रस्त्यावर लख्ख ऊन. पायरीवर घरमालकीणबाई बसल्या होत्या, सत्तरीच्या, अंगात जाड कोट, पण त्याची सगळी बटणं उघडी. मला पाहून सरकल्या, शेजारची पायरी थोपटून ‘बस’ म्हणाल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत थोड्या गप्पा झाल्या. मग त्यांना आत काहीतरी काम आठवलं. त्या उठल्या, दारापाशी थांबल्या, खालून वर एकेक करत कोटाची सगळी बटणं लावली आणि घरात गेल्या.

घरात जायचं म्हणून कोट लावून घेतला!

हे दृश्य पुढे बरेच दिवस डोक्यातून जाईना. त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत मी हेलसिंकीला ओळखीच्यांकडे गेले होते. बाहेर उणे पंधरा. नाकातला ओलावा गोठल्याचं जाणवावं अशी हवा. आणि घरात? घरात यजमान अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, त्यांचं रांगतं पोर नुसत्या लंगोटावर फरशीवर फिरत होतं. तिहेरी तावदानांच्या खिडकीला गाल लावून मी बाहेरचा बर्फ बघत उभी होते आणि गालाला फारसं गार लागत नव्हतं. म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यांत बोचरी थंडी मी सोसली ती उणे पंधरातल्या हेलसिंकीत नाही, तर जिथे जानेवारीत झाडाला संत्री लटकत असतात त्या गावात, चार भिंतींच्या आत.

हे माझंच नाजूकपण असेल असं वाटलं होतं. पण आकडेही तेच सांगतात. हिवाळ्याच्या महिन्यांत सगळीकडेच मृत्यू थोडे वाढतात. १९८८ ते १९९७ या काळात युरोपातल्या चौदा देशांत ही वाढ किती होती हे एका अभ्यासात मोजलं होतं. फिनलंडमध्ये ती सुमारे १० टक्के होती आणि पोर्तुगालमध्ये २८. यादीत सर्वांत वर पोर्तुगाल, त्याच्यामागे स्पेन आणि आयर्लंड. या तिघांपैकी एकाही देशाचा हिवाळा कुणाला भीती वाटावी असा नाही. आणि गोम तिथेच आहे. जिथे थंडी जीव घेईल अशी असते तिथे लोक पहिल्या दिवसापासून तिच्याशी वैर धरून भिंती बांधतात. जिथे ती ‘चालवून घेण्याजोगी’ असते तिथे चालवून घेतात. आणखी एक स्वेटर, पायाशी छोटा हीटर, आणि ‘फेब्रुवारी संपला की झालंच’. पोर्तुगालमध्ये इमारतींच्या उबेविषयीचा पहिला कायदा १९९० साली आला. न्यूझीलंडमध्ये नव्या घरांना इन्सुलेशनची, म्हणजे ऊब धरून ठेवणाऱ्या थराची, सक्ती १९७८ मध्ये झाली. त्याआधीची लाकडी घरं पत्र्याखाली आणि पातळ भिंतींत कुडकुडत उभी होती. पुढे तिथे १३५० घरांमध्ये इन्सुलेशन घालून माणसांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो ते तपासलं गेलं. छाती भरणं कमी झालं, मुलांच्या शाळा बुडणं कमी झालं. यात नवल काय, असं वाटतं. पण ते नीट मोजून बघायला इतकी वर्षं लागली.

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण मेलबर्नला आर्किटेक्ट आहे. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, “अगं, वाळवंटात घर बांधणं सोपं. बर्फात बांधणं महाग, पण तेही सोपं. शत्रू एकच असतो ना. मवाळ हवेत घर बांधायला ये म्हणजे कळेल.” मेलबर्नकर आपल्या हवेबद्दल ‘एका दिवसात चार ऋतू’ असं म्हणतात, आणि तिच्या मते ते कौतुक नाही, ती तक्रार आहे.

हवामानाच्या नकाशांवर लंडन, पॅरिस, पोर्तो, क्योतो आणि मेलबर्न ही सगळी एकाच अक्षराखाली येतात. व्लादिमीर कोपेन या गृहस्थाने १९व्या शतकाच्या अखेरीपासून जगाचे हे गट पाडायला घेतले. तो मुळात वनस्पतींचा माणूस, म्हणून त्याने रेषा आखल्या त्या झाडं कुठे काय करतात ते बघून. (खंड सरकतात असं म्हणून हसं करून घेणारा आल्फ्रेड वेगेनर हा याचा जावई. सासरे-जावई जेवताना काय बोलत असतील!) समशीतोष्ण गटाची त्याची व्याख्या वाचली तर ती बहुतेक नकारांनीच भरलेली आहे. सर्वांत थंड महिन्याची सरासरी १८ अंशांच्या खाली, पण उणे तीनच्या खाली नाही; सर्वांत उबदार महिना निदान १० अंशांच्या वर. खूप गरम नाही, खूप थंड नाही. झाडांना पुरेसं. घर बांधणाऱ्याला मात्र यातून काहीच कळत नाही. त्याला छळणारी गोष्ट सरासरीत नसतेच. ती असते सकाळी सातची हवा आणि दुपारी तीनची हवा यांच्यात, एप्रिलच्या एका मंगळवारात आणि त्याच्या पुढच्या मंगळवारात, आणि सर्वांत जास्त सूर्याच्या उंचीत.

सूर्याचं हे गणित मला उशिरा समजलं आणि समजल्यापासून मी कुठल्याही गावात गेले की छज्जे बघत हिंडते. लंडनचं उदाहरण घेऊ. २१ जूनला भर दुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून ६२ अंश वर असतो. २१ डिसेंबरला फक्त १५. दिवस जूनमध्ये साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरमध्ये आठसुद्धा भरत नाही. आता दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीला, खिडकीच्या डोक्यावर, एक मीटर बाहेर आलेला छज्जा काढा. जूनच्या दुपारी त्याची सावली भिंतीवर जवळजवळ एक मीटर नव्वद सेंटिमीटर खाली उतरते; अख्खी खिडकी झाकली जाते. डिसेंबरच्या दुपारी तोच छज्जा जेमतेम २७ सेंटिमीटर सावली टाकतो आणि तिरपं ऊन खिडकीतून थेट खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत जातं. काही हलवायला नको, काही उघडमीट नको. एका जागी निमूट बसलेली फळी उन्हाळ्यात ऊन अडवते आणि हिवाळ्यात आत सोडते.

हे कुणा आधुनिक तज्ज्ञाचं डोकं नाही. ग्रीसमध्ये सॉक्रेटिस लोकांना हेच सांगत होता, अशी नोंद त्याच्या शिष्याने, झेनोफोनने करून ठेवली आहे. दक्षिणाभिमुख घरात हिवाळ्याचं ऊन ओसरीत शिरतं, उन्हाळ्याचं ऊन डोक्यावरून आणि छपरावरून निघून जातं; तेव्हा दक्षिणेची बाजू उंच करा म्हणजे हिवाळ्याचं ऊन अडणार नाही, आणि उत्तरेची बुटकी ठेवा म्हणजे गार वारे लागणार नाहीत. आणि हा मनुष्य चप्पल न घालता बर्फातून चालायचा म्हणतात! दक्षिण गोलार्धात हे सगळं उलटं, तिथे ऊन उत्तरेकडून येतं. मैत्रीण सांगते, तिच्याकडे दुरुस्तीला येणारी कितीतरी जुनी घरं रस्त्याकडे तोंड करून बांधलेली आहेत, मग रस्ता कुठल्याही दिशेला असो. बैठकीची खोली रस्त्यावर शोभली पाहिजे. ज्यांच्या नशिबी रस्ता दक्षिणेला आला त्यांची सर्वांत सजवलेली खोली शंभर वर्षं सावलीत बसली आहे आणि उत्तरेचं सगळं ऊन मोरी आणि अडगळीच्या खोलीला मिळतं.

पण छज्ज्याची ही गोष्ट ऐकायला जितकी सुंदर तितकी पुरी नाही. सूर्याची वर्षातली चढउतार दोन्हीकडून सारखी असते. २१ मार्चला तो जितका वर, तितकाच २१ सप्टेंबरच्या आसपास. लंडनच्या त्या छज्ज्याची सावली दोन्ही दिवशी सुमारे ८० सेंटिमीटर. हवा मात्र तशी नसते. जमीन आणि समुद्र तापायलाही वेळ घेतात आणि निवायलाही. मार्चच्या त्या आठवड्यात लंडनची सरासरी सात-आठ अंशांची, थंडीने हैराण झालेला माणूस उन्हाच्या तिरिपेसाठी आसुसलेला. सप्टेंबरच्या त्याच उन्हात पंधराच्या आसपास हवा, उन्हाळाभर तापलेल्या भिंती, आणि खिडकीतून आलेलं ऊन नकोसं. छज्ज्याला हा फरक कळत नाही. तो सूर्य बघतो, हवा बघत नाही.

वेल मात्र हवा बघतो. द्राक्षाचा वेल मार्चमध्ये उघडाबोडका असतो, काड्याच काड्या. त्याला ऊब लागल्याशिवाय पालवी फुटत नाही. सप्टेंबरात तो पानांनी गच्च असतो. म्हणजे सूर्याची उंची तीच असताना मार्चमध्ये तो ऊन सोडतो आणि सप्टेंबरात अडवतो. उन्हाळा लांबला तर पानं उशिरा गळतात. थंडी लवकर आली तर लवकर. भूमध्य समुद्राच्या काठाने अंगणांवर वेलांचे मांडव असतात ते द्राक्षांसाठी असं मी समजत होते. द्राक्षं मिळतात हे खरंच, पण मांडव छपराला धरून दक्षिणेलाच का घातलेला असतो याचं उत्तर पानांत आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी त्या मांडवाखाली कितीतरी वेळ मान वर करून उभी होते. फरशीवर पानांच्या सावल्या हलत होत्या आणि मधूनच वाऱ्याने फट पडली की एखादा कवडसा डोळ्यांवर येत होता.

मवाळ हवेतली माणसं एकेकाळी स्वतःही अशी हलायची. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने वास्तुकलेवर दहा भाग लिहिले आहेत, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकात. त्यात तो खानदानी घराला जेवणाच्या खोल्या एक नाही, ऋतूगणिक वेगळ्या सांगतो. हिवाळ्यातली जेवणघरं आणि स्नानगृहं हिवाळ्याचा सूर्य मावळतो त्या नैऋत्येला, संध्याकाळचं ऊन मिळावं म्हणून. वसंतातली आणि शरदातली पूर्वेला. उन्हाळ्यातली उत्तरेला. निजायच्या खोल्या आणि ग्रंथालय पूर्वेला, नाहीतर पुस्तकांना दमट हवेने कीड आणि बुरशी लागते. वाचताना मला आधी श्रीमंतांची चैन वाटली. मग वाटलं, यात घर स्थिर आहे आणि माणूस फिरतोय. ऋतू बदलला की तो ताट घेऊन दुसऱ्या बाजूला जातो. त्याला एका खोलीने बाराही महिने आपली सेवा करावी अशी अपेक्षाच नाही.

जपानच्या क्योतोत उलटं. माणूस जागच्या जागी, घर बदलतं. डोंगरांच्या खोलगट वाटीत वसलेलं ते शहर. उन्हाळ्यात वारा पडलेला, हवा घामट, हिवाळ्यात हाडं गोठवणारा गारठा. चौदाव्या शतकात केन्को नावाचा भिक्षू लिहून गेला की घर बांधावं ते उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून, हिवाळ्यात काय, माणूस कुठेही राहील. तिथल्या जुन्या लाकडी घरांत उन्हाळा लागला की कागदी सरकती दारं काढून ठेवतात आणि त्यांच्या जागी बोरूच्या बारीक काड्यांची दारं बसवतात. आतून बाहेरचं अंधुक दिसतं, वारा आरपार जातो, उजेड गाळून येतो. पावसाळा ओलांडून, उन्हाळा संपवून ती पुन्हा उतरवायची, पुसून ठेवायची, कागदी दारं परत. हिवाळ्यात अशा घराला ऊब धरून ठेवायला भिंतीच नाहीत, मग ते खोली तापवण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. बुटकं टेबल, त्याखाली निखारे (आता विजेची शेगडी), वरून रजई, आणि सगळं घर त्या रजईत पाय घालून बसलेलं. पाठ गार, पाय गरम. केन्कोबाबांना एक विचारावंसं वाटतं, की हे सगळं म्हाताऱ्या माणसांचं मत घेऊन लिहिलं होतं का?

इंग्लंडमधल्या वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्या मी अशाच जवळून बघितल्या. लाकडी चौकटीच्या दोन्ही अंगांना पोकळ पेटी असते, तिच्यात दोरीला लोंबकळणारी लोखंडी वजनं. तावदानाचं वजन आणि लोखंडाचं वजन तोलून ठेवलेलं, त्यामुळे खिडकी बोटाने उचलली तरी जाते आणि सोडाल तिथे थांबते. मी राहत होते तिथल्या खिडकीची दोरी रंगाच्या थरांनी कडक झाली होती. उचलली की आत वजन भिंतीला ठक्‌ ठक्‌ आपटत खाली जायचं. तिची खरी करामत वरच्या तावदानात आहे. खालचं चार बोटं वर करा आणि वरचं चार बोटं खाली ओढा. खोलीतली गरम हवा वरून बाहेर, गार हवा खालून आत. वारा पडलेल्या रात्रीही हे चालतं. आणि पाऊस तिरपा आला तर नुसतं वरचं दोन बोटं उघडं ठेवायचं. एकाच खिडकीत कितीतरी खिडक्या. मात्र शेकडो घरांत वरचं तावदान रंगाने चिकटवून कायमचं बंद झालेलं असतं, आणि राहणाऱ्यांना ते हलतं हेच ठाऊक नसतं. याच देशाने १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर घेतला आणि लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. बुजवलेल्या खिडक्यांचे चौकोन अजून भिंतींवर दिसतात. सरकारने उजेडावर कर बसवणं हे मी समजू शकते. रंगाऱ्याने फुकट खिडकी बुजवावी हे जास्त लागतं.

ऊन, वारा झाले, पाणी राहिलं. मवाळ हवेत घर पोखरतं ते पाणीच, आणि ते बहुतेक वेळा आपणच आणलेलं असतं. २० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, शून्य अंशाची जेमतेम ५. चौघांचं कुटुंब श्वास, अंघोळी, शिजवणं आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत सोडतं. ती हवा फिरत फिरत कपाटाच्या मागच्या गार कोपऱ्यात जाते आणि तिथे आपलं ओझं टाकते. पोर्तोच्या खोलीत मी कपाट ओढलं तेव्हा मागे गिलाव्यावर काळ्या ठिपक्यांचा आख्खा नकाशा उमटला होता, आणि बंद ट्रंक उघडल्यावर येतो तसा कुबट वास. सतत गोठलेल्या मुलखात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की नुसती आत घेतली तरी घर सुकतं. इथे बाहेरही दमट, आतही दमट. पूर्वी शेकोटी जळायची, धुराडं घरातली हवा ओढून वर फेकायचं, फटींतून नवी यायची. ऊब बहुतेक वाया जायची, पण ओल टिकत नव्हती. मग धुराडी बुजली, खिडक्यांना दुहेरी काचा आल्या, फटी बंद झाल्या, आणि बुरशी आली. जर्मनीत तर दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं घराची हवा बदला, असं भाडेकरारातच लिहून घेतात. मला आधी हे अती वाटायचं. ते ठिपके पाहिल्यावर वाटेनासं झालं.

इंग्लंडच्या तिरप्या पावसावर तिथल्या गवंड्यांनी काढलेला तोडगा मला मनापासून आवडतो. एक भिंत बांधण्याऐवजी दोन बांधायच्या, मध्ये साधारण दोन इंचांची पोकळी. बाहेरची भिंत भिजली तर भिजू दे. पाणी तिच्यातून झिरपून पोकळीत येईल, आतल्या बाजूने ओघळून खाली जाईल आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडेल. पावसाला अडवायचा हट्ट नाही, त्याला वाट करून दिली. पुढे ऊब राखायची म्हणून हीच पोकळी इन्सुलेशनने भरायची मोहीम निघाली, आणि जोराच्या पावसाच्या भागात काही घरांत पाण्याला आतल्या भिंतीपर्यंत आयता पूल मिळाला. एकाला औषध, दुसऱ्याला अपाय. मवाळ हवेत हे वारंवार होतं.

हे सगळं झंझट एकदाचं संपवून टाकू, असं वाटणारेही झाले. वास्तुकार ल कोर्बूझिएने जाहीर केलं की सगळ्या देशांना आणि सगळ्या हवामानांना एकच घर पुरेल. काचा घट्ट बंद, आत यंत्राने आणलेली १८ अंशांची हवा. पॅरिसमध्ये बेघरांसाठी त्याने आश्रयगृह बांधलं, ते १९३३ च्या डिसेंबरात उघडलं. दक्षिणेला काचेची प्रचंड भिंत, एकही खिडकी न उघडणारी. हिवाळ्यात लोक खूश होते. दुहेरी काचेचा बेत पैशांअभावी एकेरीवर आला होता आणि गार हवेचं यंत्र बसलंच नव्हतं. उन्हाळा आला आणि आतले लोक शिजायला लागले. शेवटी काचेत उघडणाऱ्या खिडक्या कराव्या लागल्या, आणि युद्धानंतरच्या दुरुस्तीत पुढे ऊन अडवणाऱ्या फळ्या चढवल्या. ज्याने छज्ज्यांना आणि खिडक्यांना निवृत्त करायचं ठरवलं होतं, त्याच्याच इमारतीला छज्जे चिकटवले गेले. गंमत म्हणजे हीच दक्षिणेची काच दुसऱ्या कुणाला साधली. लिव्हरपूलजवळ वॉलसीला एम्सली मॉर्गन या वास्तुकाराने १९६१ मध्ये शाळा बांधली. दक्षिणेला दोन थरांची भलीमोठी काच, बाकी भिंती आणि छत जाडजूड, बाहेरून इन्सुलेशन. ऊन, दिवे आणि मुलांची अंगं एवढ्यावर शाळा उबदार राहायची. मुलं ही हीटर आहेत हे त्याने हिशोबात धरलं होतं! फरक काचेत नव्हता. जाड काँक्रीट दुपारची ऊब गिळून ठेवायचं, आणि उघडायला खिडक्या होत्या.

१९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटला चार घरांची एक ओळ राहती झाली. भिंतींवर पाऊण फुटाहून जाड इन्सुलेशन, तिहेरी काचा, एकही नको असलेली फट नाही. बाहेर जाणारी शिळी हवा आपली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन जाते. वर्षाला चौरस मीटरमागे १५ किलोवॅट तासांपेक्षा जास्त ऊब लागता कामा नये, हा पुढे याचा दंडक झाला. मी असल्या एका घरात रात्र काढली आहे. उत्तम झोप लागली. कुठे गार झुळूक नाही, कुठे कुबट वास नाही, आवाज तर नाहीच. पहाटे जाग आली तेव्हा बाहेर पाऊस पडतोय हे मला काचेवरचे थेंब पाहून कळलं, ऐकू आलं नाही. त्या शांततेत थोडं चुकल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. पण बटणं लावत घरात शिरणाऱ्या सत्तरीच्या बाईंपुढे माझ्या या चुकचुकीला फारशी किंमत नाही. रसिकता ही बहुधा उबेत बसूनच सुचते.

शिवाय ‘मवाळ’ म्हणायची सोय तरी किती दिवस आहे? २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसं जास्तीची दगावली. त्यात म्हातारी, एकटी राहणारी फार, आणि पॅरिसमध्ये थेट छपराखालच्या खोल्यांत राहणाऱ्यांना धोका अधिक. ही जस्ताची राखाडी छपरं म्हणजे त्या शहराची ओळख. ती घडवणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला २०२४ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. त्याच पत्र्याखाली ऑगस्टची दुपार काढणं काय असतं ते तिथल्या भाडेकरूंना विचारावं. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले, तिथे आजवर कधी न झालेलं. ज्या घरांची सगळी अक्कल ऊब धरून ठेवण्यात खर्च झाली आहे त्यांना आता ती बाहेर टाकायची आहे, आणि खिडकीवर पडदे आहेत ते आतून. ऊन काचेतून एकदा आत आलं की आतला पडदा फक्त ते कुठे थांबणार हे ठरवतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर. दक्षिण युरोपातल्या प्रत्येक गल्लीत खिडक्यांना बाहेरून पट्ट्यापट्ट्यांच्या लाकडी झडपा असतात, आणि दुपारी बारा वाजता सगळी गल्ली डोळे मिटून घेते. उत्तरेकडच्यांना आता त्या झडपा हव्या आहेत आणि पोर्तोवाल्यांना उत्तरेकडची भिंत.

मैत्रिणीकडे सध्या एक साठीचं जोडपं घर वाढवायला आलं आहे. उत्तरेला मोठी काच, तिच्यासमोर तिने नकाशात पानगळीचं झाड काढलं होतं. यजमानांचा पहिला प्रश्न, हे सावली देण्याएवढं व्हायला किती वर्षं? तिने खरं सांगितलं. त्यांनी स्वतःचं वय सांगितलं. शिवाय झाड निष्पर्ण झालं तरी फांद्या बरंच ऊन खातात, हेही तिला सांगावंच लागलं. मग मोटरवर उघडमिटणारं कापडी छत निघालं. ते मेलबर्नच्या वाऱ्यात किती दिवस टिकेल यावरून एक बैठक गेली. शेवटी वेलाच्या मांडवावर आलेत. तीन-चार वर्षांत भरतो, छाटता येतो. यजमान कबूल झाले, पण पन्हळीत अडकलेली पानं आपण काढणार नाही या अटीवर. बाई म्हणाल्या, आजवर कधी काढली होती? आता द्राक्ष की विस्टेरिया यावरून दोघांचं अडलंय, आणि मैत्रिणीने नकाशावर तूर्त नुसतं ‘वेल’ लिहून परवानगीला पाठवलं आहे.